गेलांग सेराईचा हिरवा केक

सिंगापूरला जाऊन आलेल्या माणसाला काय पाहिलं विचारा. उंच इमारती, समुद्राकाठचा पाणी ओकणारा सिंह आणि मुस्तफाच्या दुकानातली खरेदी, यापलीकडे गाडी सहसा जात नाही. पाया लेबार स्टेशनवर उतरून दहा मिनिटं चाललं की गेलांग सेराईचा बाजार लागतो. तिथे मात्र पर्यटक कमी आणि पिशव्या घेतलेल्या बायका जास्त. मलय मुसलमानांची ही जुनी वस्ती. 'सेराई' म्हणजे गवती चहाच्या जातीचं गवत. कधीकाळी इथे त्याचे मळे होते, त्यावरून हे नाव पडलं. आज गवत नाही, पण बाजारात पाऊल टाकलं की नाकाला पहिला वास येतो तो पानांचाच.

माझी भाची लग्न होऊन तिकडे गेली, त्याला सहा वर्षं झाली. तिच्याकडे महिनाभर राहायचा योग आला तो शाबानमध्ये. रमजान तोंडावर आला की आपल्याकडे घराघरांत जी लगबग असते, तशीच तिथेही. बाजार दुमजली आहे. वर शिजवलेलं अन्न मिळतं, खाली मासळी, हलाल मटण, भाजी आणि मसाले. एका गाळ्यावर नारळ खोवून त्याचं दूध तिथल्या तिथे पिळून देतात. शेजारी लांब, अरुंद, तलवारीसारख्या हिरव्या पानांच्या जुड्या रचलेल्या. किंमत म्हणाल तर आपल्याकडच्या कोथिंबिरीसारखी, बाजारातली सर्वांत क्षुल्लक वस्तू. याच पानाला पंदान म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला दादीचं पानदान आठवलं. अर्थात दोघांचा काही संबंध नाही.

संबंध लागतात ते दुसऱ्याच शब्दांत. मलय माणूस साखरेला 'गुला' म्हणतो. मूळ संस्कृत, म्हणजे आपल्या गुळाचाच भाऊ. रोजाला तो 'पुआसा' म्हणतो, तो आला 'उपवास'वरून. इस्लाम त्या बेटांवर पोहोचला, लोकांनी रोजे धरले, पण शब्द जुनाच राहू दिला. गव्हाला 'गंदुम', जो फारसीतही तसाच आहे. आणि लग्न, अकीका, मय्यत अशा प्रसंगी जमात जेवायला बोलावतात त्याला 'कंदुरी'. आपल्या गावाकडच्या कंदुरीपेक्षा ही निराळी असली, तरी शब्दाचं घराणं एकच. केकला ते 'केक' म्हणतातच, पण इंडोनेशियात जुना शब्द 'बोलू' आहे, पोर्तुगीज 'बोलो'वरून आलेला. आपला पावही त्याच जहाजातून उतरला. बाजारातून फिरताना हे शब्द कानावर पडले की परक्या मुलखात असल्यासारखं वाटत नाही.

भाचीच्या शेजारी सत्तरीच्या एक मलय बाई राहतात. सगळा मजला त्यांना 'मकचिक' म्हणतो. 'मक' म्हणजे आई, 'चिक' म्हणजे लहान. थोडक्यात आपली खाला. मला त्या 'आदिक' म्हणत, म्हणजे धाकटी. पन्नाशी उलटल्यावर कुणी धाकटी म्हणावं, बरं वाटतं. त्यांच्या स्वयंपाकघरात ओव्हन नाही. तिथले बहुसंख्य लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या सदनिकांमध्ये राहतात आणि जुन्या सदनिकांची स्वयंपाकघरं चिंचोळी. दोन बर्नरची शेगडी, भात शिजवायचं विजेचं भांडं आणि प्रेशर कुकर, एवढ्यातच सगळा संसार. तरीही आसपासच्या मुली पंदान केक शिकायला येतात त्या त्यांच्याकडेच.

बाहेरच्या जगात हा केक म्हणजे 'शिफॉन'. उंच, मध्ये भोक असलेला, कापसासारखा. त्याची पद्धत अमेरिकेतली. लॉस एंजेलिसमधल्या हॅरी बेकर नावाच्या विमा विक्रेत्याने १९२७ मध्ये ती शोधली, वीस वर्षं गुपित ठेवली आणि मग एका पिठाच्या कंपनीला विकली. १९४८ मध्ये ती सर्वांना खुली झाली. त्यात लोण्याऐवजी तेल असतं. लोणी महाग आणि उन्हाने वितळणारं, अशा मुलखात हे फार सोयीचं पडलं. तेल होतं, नारळ होता, पान होतं. सिंगापुरात १९७९ मध्ये 'बंगावान सोलो' हे दुकान निघालं, तेही इंडोनेशियातून आलेल्या आणि घरच्या स्वयंपाकघरातून केक विकणाऱ्या एका बाईंचं, आणि तिथला पंदान शिफॉन विमानतळावरून जगभर जाऊ लागला. आज पाहुणा परत निघाला की त्याच्या हातात हिरव्या केकचं खोकं असतंच.

मकचिकचा केक मात्र त्या घराण्यातला नाही. तो 'कुकुस' म्हणजे वाफवलेला. मला विचाराल तर त्या मातीचा खरा केक हाच. मलय लोकांचं गोडधोड, ज्याला ते 'कुईह' म्हणतात, बहुतेक वाफेवरच होतं. खाली नारळाच्या दुधातला चिकट भात आणि वर पंदानचा हिरवा थर असलेला सेरी मुका, पदरापदराचा लापिस, तांदळाच्या पिठात ताडगूळ भरून छोट्या साच्यात वाफवलेला पुतू पिरिंग. भट्टी आली ती युरोपियनांबरोबर. त्याआधी आणि त्यानंतरही, गरिबाच्या घरी चूल, पाणी आणि झाकण एवढंच होतं. आपल्या कोकणी मुसलमानांच्या सांदणाची गोष्ट याहून वेगळी कुठे आहे? तांदूळ, नारळाचं दूध, वाफ. ओव्हन नाही म्हणून कोकणातल्या कुणा नानीचं काही अडलं नाही.

घरी करण्याचं आणखी एक कारण आहे. सिंगापुरात मुसलमान सुमारे १५ टक्के. बेकऱ्या पावलोपावली, पण प्रत्येकीचा केक आपल्याला चालेलच असं नाही. मलईच्या थरात जिलेटिन असतं, ते कोणत्या जनावराचं हे विचारावं लागतं. काही सुगंधी अर्क दारूत उतरवलेले असतात. केक फुगीर राहावा म्हणून घालतात तो जेलसारखा पदार्थ प्राण्याच्या चरबीपासूनही होऊ शकतो, पाम तेलापासूनही. काही चिनी पद्धतीच्या मिठायांत डुकराची चरबी घालण्याची रीत आहे. तिथल्या इस्लामी मंडळाने, 'मुइस'ने, १९७८ पासून हलाल प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. दुकानाच्या दारावर ते लावलेलं असतं आणि मुलंसुद्धा आत शिरण्याआधी ते शोधतात. ही व्यवस्था उत्तम आहे, आपल्याकडच्या ऐकीव माहितीपेक्षा शंभर पटींनी बरी. पण ज्या बाईने अंडं स्वतः फोडलं, नारळ समोर पिळून घेतला आणि पान स्वतःच्या कुंडीतलं तोडलं, तिला दारावरचा कागद बघायची गरजच पडत नाही.

आता केक. मकचिककडे विजेवरचा प्रेशर कुकर आहे. भाचीने मात्र इथून नेलेला आपला साधा शिट्टीचा कुकर. त्यामुळे मी दोन्ही तऱ्हा पाहिल्या. प्रमाण लहान घराचं लिहिते.

काम आदल्या दिवशी सुरू होतं. दहा-बारा पानं धुऊन, कात्रीने बारीक कापून, अर्धी वाटी पाण्याबरोबर मिक्सरमधून काढायची आणि मलमलच्या कपड्यातून घट्ट पिळायची. रस रात्रभर फ्रिजमध्ये हलवल्याशिवाय ठेवायचा. सकाळी वर फिकट पाणी आणि तळाशी गडद हिरवा गाळ दिसतो. पाणी अलगद ओतून टाकायचं. लागतो तो तळाचा गाळ, दोन मोठे चमचे. ताजं पान चुरगळेपर्यंत वास देत नाही. कापलं, वाटलं, तापलं की मग बोलतं. आणि तो वास ओळखीचा निघतो, कारण बासमती आणि आंबेमोहोर तांदळाला ज्या द्रव्यामुळे सुगंध येतो तेच द्रव्य या पानात आहे.

दुसऱ्या दिवशी तीन अंडी, पांढरं आणि पिवळं वेगळं करून. पिवळ्यात तीन मोठे चमचे वास नसलेलं तेल, चार मोठे चमचे दाट नारळाचं दूध आणि पानाचा गाळ. त्यात १०० ग्रॅम मैदा, पाऊण छोटा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून घालायचं. गुठळी राहू द्यायची नाही. पांढरं वेगळ्या, कोरड्या भांड्यात फेटायचं. फेस आला की ९० ग्रॅम बारीक साखर थोडी थोडी घालत, भांडं तिरपं केलं तरी हलणार नाही इतकं घट्ट करायचं. मग हे पांढरं तीन वेळा करून हिरव्या मिश्रणात मिसळायचं. चमचा गोल फिरवायचा नाही, तळातून वर उचलायचा. मकचिक या वेळी बोलत नसत, आणि कुणी बोललं तर हाताने गप्प करत.

लिंबू किंवा व्हिनेगर घालू नये. अनेक पुस्तकांत अंड्याचा फेस टिकावा म्हणून ते लिहिलेलं असतं, पण आंबटाने पानाचा हिरवा रंग मळकट होतो, पालक जास्त शिजल्यावर होतो तसा.

कुकरच्या बाबतीत आपल्याकडे एक पद्धत रूढ आहे. तळाशी मीठ किंवा वाळू, रिंग आणि शिट्टी काढलेली, पाण्याचा थेंब नाही. म्हणजे कुकरचाच ओव्हन करायचा. त्याने केक होतो, पण पाण्याशिवाय तापवायला कुकर घडवलेलाच नसतो. तळ काळवंडतो, भांडं खराब होतं आणि केकला वरून तपकिरी कवच येतं, ज्यात पंदानचा सगळा हिरवेपणा झाकून जातो. मलय पद्धत उलट आहे. कुकरला कुकर राहू देतात. तळाशी तीन-साडेतीन ग्लास पाणी, त्यात स्टँड, पाणी आधी उकळवून ठेवलेलं. केकचा डबा असा की कुकरमध्ये उतरल्यावर भोवती बोटभर जागा राहील. डब्याच्या तळाला तेल आणि बटर पेपर, कडांना काही नाही, कारण केक कडेला धरून वर चढतो. मिश्रण डब्याच्या दोन तृतीयांशाहून वर नको. वर फॉइल, पण मध्ये एक चुणी घालून सैल, म्हणजे केकला फुगायला जागा राहते आणि झाकणावरून ठिबकणारं पाणी त्यात पडत नाही.

आता मुख्य गोष्ट. शिट्टी लगेच लावायची नाही. दाबाखाली वाफेचं तापमान १०० अंशांवरून साधारण १२० अंशांपर्यंत चढतं, हे खरं. म्हणून तर डाळ झटपट शिजते. पण तोच दाब केकमधल्या हवेच्या बुडबुड्यांनाही दाबतो. सुरुवातीलाच दाब दिला तर केक फुगत नाही, दडदडीत वडी होते. म्हणून पहिली पंधरा मिनिटं शिट्टीशिवाय, नुसत्या वाफेवर. तेवढ्यात केक फुगून स्थिरावतो. त्यानंतर मकचिक आपल्या विजेच्या कुकरला दाब देत, पंचवीस मिनिटं. भाचीच्या कुकरवर आम्ही शिट्टी लावलीच नाही, मंद आचेवर आणखी अर्धा तास वाफ चालू ठेवली. दोन्ही केक शेजारी ठेवले तेव्हा बिनशिट्टीचा अधिक हलका होता. मकचिकनेही मान डोलावली, पण आपली पद्धत काही बदलली नाही.

दाब दिलाच असेल तर तो आपोआप उतरू द्यावा. घाईने शिट्टी उचलली तर केकमधलं पाणी एकदम उकळतं आणि केक मध्ये बसतो किंवा फाटतो. दहा मिनिटं उभं राहून वाट बघायची. स्वयंपाकघरात तेव्हा जो वास पसरलेला असतो, तो बिर्याणीच्या तांदळाचा आणि ओल्या नारळाचा एकत्र.

झाकण उघडल्यावर रंग पाहून कदाचित हिरमोड होईल. दुकानातला केक पोपटासारखा हिरवा असतो, घरचा मुगाच्या सालीसारखा मंद. तो झगझगीत रंग बाटलीचा. तिथेही आता बहुतेक घरांत बाटलीच आलेली आहे. मकचिकच्या मुलीकडे मोठा ओव्हन आहे, पण पान नाही. ती अर्काचे चार थेंब घालते. मकचिक तिच्याकडे जाऊन तो केक खातात, छान झालाय म्हणतात आणि घरी आल्यावर गप्प बसतात.

या गप्प बसण्यामागे काय आहे ते मला शेवटच्या आठवड्यात कळलं. त्यांचं बालपण कंपोंगमध्ये गेलं. कंपोंग म्हणजे गाव, लाकडी, खांबांवर उभ्या घरांची वस्ती. सिंगापूर १९६५ मध्ये स्वतंत्र देश झाला आणि पुढच्या वीसेक वर्षांत अशा वस्त्या एकामागून एक हटवून लोकांना इमारतींत नेलं गेलं. नळ आला, संडास घरात आला, चिखल गेला. मकचिक त्याबद्दल रडगाणं गात नाहीत. फक्त सांगतात की घर सोडताना त्यांच्या अम्मीने विहिरीजवळच्या पंदानच्या बेटातून एक कोंब ओल्या फडक्यात गुंडाळून घेतला. आज त्यांच्या दारासमोरच्या कुंडीत आहे तो त्याचाच वंश.

आणि इथे या झाडाची एक खासियत सांगायला हवी. पंदान सहसा फुलत नाही आणि त्याला बी धरत नाही. रानात ते आपसूक उगवलेलंही सापडत नाही. बुडाशी फुटवा येतो, तो कुणीतरी काढून दुसरीकडे लावायचा, एवढाच त्याचा प्रसार. म्हणजे जगात जिथे जिथे पंदानचं झाड आहे, तिथे ते कुणाच्या तरी हातून कुणाच्या तरी हातात गेलेलं आहे. मुलीने घेतलं नाही, तर मकचिकच्या अम्मीचं झाड मकचिकबरोबर संपेल. त्यांनी तो फुटवा माझ्या भाचीला दिला. रत्नागिरीची पोर, मलय भाषा अजून अडखळत बोलते. "तू पानं तोडशील," एवढंच त्या म्हणाल्या. भाची माझ्याकडे वळून म्हणाली, "खाला, आता मला इथून घर बदलता यायचं नाही." ती हसत होती, पण कुंडी दोन्ही हातांनी धरून होती.

मी तसा फुटवा भारतात आणला नाही. झाडं अशी सामानात घालून आणायला कायद्याने परवानगी नसते, आणि गरजही नव्हती. कारण हे झाड आपल्याकडे आहे. कोकणात, गोव्यात आणि मुंबईच्या जुन्या वाड्यांमध्ये भात शिजताना पातेल्यात एक पान गाठ मारून टाकायची रीत होती, साध्या तांदळाला सुगंध यावा म्हणून. त्याला कुणी आंबेमोहोराचं पान म्हणतं, उत्तरेकडे अन्नपूर्णा. श्रीलंकेत तेच रंपे. बी नसलेलं झाड समुद्र ओलांडून इकडे आलं, तेही कुणाच्या तरी ओल्या फडक्यातूनच आलं असणार. माझ्या सासरच्या विहिरीपाशी त्याचं बेट होतं. अंगणात फरशी घातली तेव्हा ते उपटलं गेलं आणि कुणाला काही वाटलं नाही. आता बाटलीतला अर्क मात्र आम्ही मुंबईहून मागवतो. शोधलं तर चुलत जावेच्या परसात अजून दोन झाडं सापडली, मोरीच्या पाण्यावर माजलेली.

आपल्या बिर्याणीतला केवडा या पंदानचा सख्खा नातलग आहे, पण घोटाळा करू नये. केवड्याच्या कणसाचा अर्क काढतात, त्याच्या पानांना काटे असतात आणि ती खायची नसतात. पंदानचं पान मऊ, चुरगळलं की भाताचा वास देणारं. रोपवाटिकेतून आणताना हीच खूण लक्षात ठेवावी. कुंडीला थोडी सावली आणि भरपूर पाणी द्यावं. तीन-चार महिन्यांत पानं तोडण्याजोगी होतात. बाहेरची, खालची पानं आधी तोडावीत, मधला कोंब सोडून.

केक पूर्ण गार झाल्यावरच डब्यातून काढावा आणि सुरी पाण्यात बुडवून कापावा. मकचिक पहिली बशी समोरच्या चिनी आजींकडे पाठवत. ती बशी कधी रिकामी परत आली नाही, संत्री तरी असत. नारळाच्या दुधामुळे हा केक आपल्या उन्हाळ्यात फार टिकत नाही. बाहेर ठेवला तर त्याच दिवशी संपवावा. फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो, पण घट्ट होतो. तेव्हा खाण्याआधी पाच मिनिटं पुन्हा वाफ द्यावी.